भरल्या पोटाचं लेकरू

भाजीची पाटी ओट्यावर टेकवली, हातपाय धुतले, भिंतीला पाठ लावून बसले आणि रामहरीला पदराखाली घेतलं, तर त्यानं तोंड फिरवलं. रडला नाही की कुरकुरला नाही. पोटभर जेवलेला पाहुणा वाढायला आलेल्या बाईला हातानंच नको म्हणतो, तसं त्यानं आपलं इवलंसं तोंड बाजूला केलं आणि आढ्याकडं बघत बसला. मी पुन्हा जवळ ओढला. त्यानं पुन्हा मान वळवली आणि वर हसला. झुंजुमुंजूला त्याला पाजून मी बाजाराला गेलेली, आता सूर्य डोक्यावर आलेला. एवढा वेळ उपाशी राहिलेलं पाच-सहा महिन्यांचं लेकरू अख्खी आळी डोक्यावर घेतं. मी त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट टम्म. तेवढ्यात आतनं आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा, द्वारकाबाईंचा आवाज आला, "का गं म्हाळसा, पीत न्हाय व्हय?" मी तर हूं की चूं केलं नव्हतं. मधे भिंत होती. लेकरू पीत नाही हे हिला भिंतीपलीकडून कसं कळलं?

मी मुळातच शंकेखोर. माहेरी कळसला आई म्हणायची, "आमच्या म्हाळसाला भाकरी थापायच्या आधीच तिच्यात खडा दिसतुया." दिसतो तर दिसतो. दात माझा आहे. त्या दुपारी मी "पितूय की!" असं खोटंच ओरडले आणि रामहरीला पदराखाली धरून पाजल्याचं सोंग करत बसले. कारण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती, निदान मी तसं धरून चालले होते. माझं दूध आटत चाललं होतं. कळसला बाळंत झाले तेव्हा पान्हा असा की चोळ्या वाळत घालायला दोरी पुरेना. ठमाबाई सुईण म्हणाली होती, "पोरी, तुझं दूध दोघांना पुरंल." तिथं मला काम काय? खाटेखाली शेगडी, ताटात बाजरीची भाकरी आणि शेपू, आणि दुपार झाली की आई लेकराला उचलून म्हणायची, पड जरा. मग कळसवरनं गाडी जुंपून मला बारामतीला आणून सोडलं, आणि इथं पड जरा म्हणणारं कुणी नव्हतं. पहाटेचं दळण, आडाचं पाणी, मळ्यात जाऊन भाजी खुडायची, जुड्या बांधायच्या, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, आल्यावर चूल, चुलीनंतर पुन्हा मळा. मळा कालव्याच्या पाण्यावरचा, त्यामुळं भाजीला बारा महिने खंड नाही आणि मलाही नाही. गंमत बघा, माझ्या पाटीतला शेपू खाऊन गावातल्या बाळंतिणींना पान्हा फुटायचा. मी मात्र न्हाणीत उभी राहून स्वतःची छाती दाबून बघायची आणि चार थेंब आले तरी देवाचं नाव घ्यायची.

हे सांगायचं कुणाला? आमच्या आळीत आईपणाचं एक माप होतं आणि ते माप माझ्याच घरात, माझ्याच ओट्यावर तांदूळ निवडत बसलेलं असायचं. द्वारकाबाईंची गोष्ट बारामतीत कुणाला ठाऊक नव्हती? मळ्यात पाटाचं पाणी धरताना कळा आल्या. आंब्याखाली गेली, एकटी बाळंत झाली, खुरप्यानं नाळ कापली, लेकराला पाटीत निजवून वर लुगडं टाकलं आणि राहिलेले वाफे भिजवूनच घरी आली. ते लेकरू म्हणजे माझे मालक, कुंडलिक. एकही बारसं असं व्हायचं नाही की ज्यात ही गोष्ट निघायची नाही. समोरची छबूबाई ती फार रंगवून सांगायची, जसं काही आंब्यावर बसून तिनं बघितलं होतं. "आन आताच्या पोरी! येक काढत्यात आन वरीसभर कण्हत्यात," असं म्हणून ती आपल्या सुनेकडं बघायची. सून, कौसल्या, पोटुशी होती. ती जमिनीकडं बघायची. आत्याबाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या सुपातले खडे काढत राहायच्या, आणि ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं. एकदा अंदाज घ्यायचा म्हणून मी मालकांना म्हटलं, "लई थकाया हुतं हो." ते विळ्याला धार लावत होते. "आईनं सा पोरं काढली," ते म्हणाले, "कदी थकली म्हनून ऐकलं न्हाय." तुम्ही पाटीत निजला होता, तुम्हाला काय ऐकू येणार, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. पेठेतल्या एका दुकानात विलायती दुधाच्या पावडरीचा डबा मांडलेला असायचा, त्याच्यावर एक गोरं गोबरं पोर आणि त्याची आई. आईचे केस विंचरलेले, डोळ्यांखाली काळं नाही, चेहऱ्यावर हसू. पाटी घेऊन जाता-येता मी त्या बाईकडं बघायची आणि मला तिचाही संशय यायचा. हिच्या घरचं दळण कोण दळतंय? ही इथं हसत उभी आहे तर हिच्या चुलीपाशी कोण बसलंय?

तर रामहरीनं तोंड फिरवलं, आणि दुसऱ्या दिवशीही फिरवलं. पहाटे मात्र तो माझ्याकडं झडप घालायचा, चोखून चोखून वैतागायचा, रडायचा. म्हणजे भूक होती. मी बाजारात गेल्यावर ती कुठं जात होती? पहिला संशय अफूचा. मजुरीला जाणाऱ्या बाया लेकराला अफूची गोळी चाटवून झोळीत टाकतात, सगळं गाव जाणतं, कुणी बोलत नाही. लेकरू निजून राहतं, भूक मागत नाही, हळूहळू सुकतं. आत्याबाई देवळात गेल्या तशी मी घर पालथं घातलं. उतरंड काढली, देवघरातल्या डब्या हुंगल्या, त्यांच्या चंचीत बोटं घातली. सुपारी, लवंग, चुना. गोळी नाही. लेकराला उजेडाकडं धरून त्याचे डोळे बघितले, डोळे टपोरे, खेळकर, आणि मांड्यांना तर चक्क वळ्या पडायला लागलेल्या. सुकत नव्हता, भरत होता. मग वाटलं शेळीचं दूध देत असतील. पण दूध पाजायचं बोंडलं फळीवर तसंच पालथं पडलेलं, आत कोळ्यानं घर केलेलं. मी ते फडक्यानं पुसलं आणि मग आठवलं की पुसायला नको होतं, पुसलेलं बघून कळेल की मी शोधतेय. लेकराचं पोट भरलंय, ते गुटगुटीत होतंय, आणि त्याची आई चोरासारखी घरातल्या डब्या उघडत हिंडतेय. आनंद व्हायला हवा होता. मला तो होत नव्हता, त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की संशय आणखी वाढायचा.

मग वास. एका गुरुवारी बाजार करून आले आणि त्याच्या टाळूवर नाक टेकवलं, तर टाळूला लोबानाचा वास. आमच्या घरात लोबान कधी जाळत नाहीत. आमचा धूप वेगळा. मी पुन्हा हुंगलं. लोबान आणि त्याखाली आणखी काहीतरी, गोडसर, ओळखीचं, बाईमाणसाचं. मनात काय काय आलं म्हणून सांगू? करणी. उतारा. माझ्या पाठीमागं याला कुणा फकिराकडं नेतात, आईपासून मन तुटावं म्हणून काही करतात. आता हसू येतं, पण तेव्हा मी झोपेला इतकी भुकेली होते की पाटावर बसल्या बसल्या मान पडायची आणि जाग आली की भिंतीवरची कोनाड्याची सावलीसुद्धा माझ्याविरुद्ध उभी आहे असं वाटायचं. आणि खरी भीती करणीची नव्हतीच. ती एवढीच होती की हे लेकरू जिच्याकडनं पोट भरून घेतं, तिचं होणार. माझ्याकडं तोंड करायचं विसरणार. मग या घरात मी कोण? पाटी उचलणारी, दळण दळणारी एक बाई. तशी बाई कुठूनही मिळते.

मी बेत केला. काजळाची तीट आपण कपाळाला, गालाला लावतो, दृष्ट लागू नये म्हणून. मी त्या दिवशी एरंडेलात खलून दाट काजळ केलं आणि रामहरीच्या हनुवटीला चांगली थापून तीट लावली, खालच्या ओठाच्या अगदी कडेला. लेकरू जिथं तोंड लावेल तिथं ती उमटणारच. आत्याबाई बघत होत्या. "एवढी मोटी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नजरा वाईट असत्यात मानसांच्या." बाजारात माझं लक्ष नव्हतं, एका बाईला मेथीऐवजी कोथिंबीर दिली आणि वर तिच्याशी भांडले. घरी आले तर हनुवटी लख्ख पुसलेली. मी आत्याबाईंची बोटं बघितली, नखं बघितली, पदराचं टोक बघितलं. कुठंच काही नाही. तांब्याभर पाणी मागायच्या निमित्तानं लुगड्याच्या निऱ्यासुद्धा बघितल्या. त्या पाणी देता देता म्हणाल्या, "काय हरवलंय का तुजं?" मी म्हटलं, काही नाही.

संध्याकाळी आडावर सायराबानू आली. ती रसूल बागवानाची बायको. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. रसूल आमच्या मळ्यातले पेरू, कलिंगडं विकत घ्यायचा, त्यामुळं जाणंयेणं होतं, पण उंबऱ्यापुरतं. आत्याबाई तिच्या हातचं पाणी पीत नसत. तिची नूरी वर्षाची, कडेवर. सायराबानू घागर उचलायला वाकली, ओढणी सरकली आणि मला तिच्या चोळीवर, डाव्या अंगाला, काळा डाग दिसला. बोटाएवढा, फरफटलेला. "काजळ सांडलं काय गं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "व्हय, हिचंच," ती म्हणाली आणि नूरीच्या पाठीवर थोपटलं. नूरीचे डोळे आलेले होते, लाल, चिकट. कालच तर हीच मला म्हणत होती की डोळे बरे होईस्तोवर पोरीला काजळ घालायचं बंद केलंय. कळशी भरली, डोईवर घेतली आणि चालू लागले, आणि निम्मी कळशी माझ्याच अंगावर सांडली. म्हणजे असं होतं तर. तिच्या अंगावर. तिच्या दुधावर. माझं लेकरू भिंतीपलीकडं दुसऱ्या बाईच्या पदराखाली मोठं होत होतं आणि घरी येऊन मला बघून हसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाटी अर्धीच विकली. शेजारी बसणाऱ्या चंद्राबाईला म्हटलं, "जरा बघा, आलेच," आणि मागच्या बोळानं घरामागं गेले. परसातल्या भिंतीला एक खिंडार पडलेलं होतं, सायराबानूच्या कोंबड्या त्यातनं आमच्याकडं यायच्या आणि आत्याबाई त्यांना दगड मारायच्या. त्या खिंडारात, एका धोंड्यावर, आत्याबाई बसल्या होत्या, तोंड आमच्या घराकडं, राखणीला बसल्यासारख्या. त्यांच्या मागं कडुनिंबाखाली बाज टाकलेली, बाजेवर सायराबानू, आणि तिच्या ओढणीखालून डोकावणारे माझ्या रामहरीचे पाय. तळवे हलत होते. कोनाड्यात लोबान धुमसत होता. मला वाटलं होतं मी किंचाळेन. पण मी फक्त "आत्याबाई" एवढंच म्हटलं.

त्या दचकल्या नाहीत. "आलीस व्हय," म्हणाल्या. "मला वाटलं कालच येशील. काजळ एवढं थापलं हुतंस, मला काय आंदळी समजलीस?"

"माझं लेकरू चोरून दुसरीला पाजताय तुमी?"

"चोरून न्हाय तर काय दवंडी पिटून पाजू?"

"मला इचारायचं तरी हुतं!"

"इचारलं असतं तर दिलं असतंस? लेकरू पीत न्हाय आन तू पितूय म्हनून वरडतीस. छाती कोरडी आन तू न्हाणीत उबी ऱ्हाऊन देवाला हात जोडतीस. म्या बघितलंय. तू घरात खोटं बोलतीस, मी परसात. फिट्टंफाट."

न्हाणीतसुद्धा बघितलं होतं हिनं. माझा संशय खराच होता तर, भिंतीला डोळे होतेच. मला कसलं समाधान वाटावं? मी म्हटलं, "आन हिच्या हातचं पानी तुमाला चालत न्हाय!" हे मी सायराबानूसमोरच बोलले, आणि बोलल्यावर जीभ चावली. पण सायराबानू हसली. आत्याबाईंनी उलट माझ्यावरच डोळे वटारले. "पानी मी पीत न्हाय. लेकराला भूक लागलीया, त्याला कशाला तुजं-माजं शिकवतीस?" "वैनी, आदी बसा तरी," सायराबानू म्हणाली, "ऊन लई हाय." मी बसले नाही. इतके दिवस साठलेलं सगळं त्या खिंडारात उभी राहून बाहेर काढलं. की तुम्हाला माहीत होतं तर तोंडानं का नाही म्हणालात, पोरी, तू थकलीस. की आळीभर ती गोष्ट मिरवता, आंब्याखालची, खुरप्याची, वाफ्यांची, आणि मी रोज दळताना स्वतःला विचारते की या बाईनं बाळंत होऊन वाफे भिजवले आणि मला साधी एक पाटी जड होते, मग मी आई आहे का कोण आहे. की माझे मालक तुमचं नाव घेऊन माझं तोंड बंद करतात. बोलता बोलता मला रडू फुटलं आणि रडण्याचाही राग आला.

आत्याबाई धोंड्यावरनं उठल्या, पुन्हा बसल्या. "वाफं भिजवलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"न्हवतं भिजवलं. पडले हुते आंब्याखाली. बेसुद. रसूलची आई, चाँदबी, कलिंगडं बगाया मळ्यात आल्ती. तिनं नाळ कापली, तिनं मला गाडीत घातली. हितं, ह्याच बाजंवर आनून टाकली. आन मला थेंब न्हवता दुदाचा. कुंडलिक तिच्या अंगावर वाढला, रसूलसंगं. पाट फुटून वाफ्यात पानी आपलं आपुन शिरलं आसंल. मला काय ठावं?"

"मग ही गोष्ट?"

"सासू इचारत हुती, येवडा येळ कुटं हुतीस. भ्यालते. म्हनलं, पानी धरत हुते. तर ती आळीभर सांगत सुटली, माजी सून आशी आन माजी सून तशी. त्या घरात येऊन इतकी वर्सं झालती, पैल्यांदा माजं कायतरी चांगलं बोलत हुती ती. मग मी कशाला मोडू?" मग म्हणाल्या, "नंतर मोडायचं ऱ्हाऊनच गेलं."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. माझा स्वभाव जातो कुठं? मनात लगेच आलं, हीसुद्धा थापच नसेल कशावरून? मला गप्प करायला आत्ताच रचली असेल. मी सायराबानूकडं बघितलं. तिनं रामहरीला खांद्यावर घेतलं, पाठीवर थापटी मारून ढेकर काढली आणि अगदी सहज म्हणाली, "सासूबाई जाताना आमच्या ह्यांना सांगून गेल्या, भिंतीपल्याड तुजा दूधभाऊ हाय, भावात त्याच्याशी घासाघीस करू नगंस." म्हणजे रसूलला ठाऊक होतं, सायराबानूला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या मालकांना आणि मला. "कुंडलिकला काय बोलायचं न्हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्या म्हणताना पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात भीती ऐकू आली. माझ्या आवाजात असते तशीच. मला त्यांचा रागही आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि मी दोन्ही केलं नाही. इतकी वर्षं एका खोट्या गोष्टीच्या ओझ्याखाली या बाईनं स्वतः कंबर मोडली आणि मग तेच ओझं उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं. वर चोरून मदतही केली. मला विचारलं मात्र नाही. तेवढं मी अजून विसरलेली नाही.

सायराबानूनं लेकरू माझ्याकडं दिलं. ते झोपाळलेलं, जड, तोंडाच्या कोपऱ्यात दुधाचा पांढरा थेंब. मी तो पदरानं पुसला. "माजंबी आटलं हुतं पैल्या खेपंला," ती म्हणाली. "सासूनं मला खाटंवरनं उटू दिलं न्हाय. म्हनायची, बाई झोपली की दूद जागं हुतं. पडा हितं, वैनी." मी म्हटलं, पाटी बाजारात आहे, चंद्राबाई वाट बघत असेल. आत्याबाई म्हणाल्या, "पाटी मी आनते." ज्यांनी मला कधी कळशी खाली उतरवायला हात लावला नव्हता त्या पाटी आणणार! पुन्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मला निजवून लेकरू कुठं नेणार? मी रामहरीला पोटाशी धरून बाजेवर आडवी झाले, ती एक डोळा उघडा ठेवून. कडुनिंबाची पानं हलत होती. नूरी माझ्या पायाचं जोडवं ओढत होती. कळसच्या आमच्या घराचं आढं डोळ्यांपुढं आलं, शेगडीची ऊब, आई म्हणतेय पड जरा. मी उघडा डोळा मिटला नव्हता, एवढं मला पक्कं आठवतं.

जागी झाले तेव्हा उन्हं कलली होती आणि चोळी ओली होती. कुठं आहे हेच कळेना. रामहरी सायराबानूजवळ नूरीच्या शेजारी निजलेला, म्हणजे काढून घेतलाच होता. पण मला राग आला नाही, माझं अंग इतकं हलकं झालं होतं की रागाला जागा सापडेना. पुढच्या अंगाला, आळीत, बोलणं चाललं होतं. छबूबाईचा आवाज. "म्हाळसा दिसली न्हाय आज? शेपू पायजे हुता." आणि मग आत्याबाईंचा, ठणठणीत, "म्हाळसा? ती कसली घरात बसतीया! बाजारातनं आली, लेकराला पाजलं, त्याला तसंच पाठीशी बांदून मळ्यात गेली पानी धराया. दूद तर असं, की उतू जातंय. थकवा म्हनून ठावंच न्हाय माज्या सुनंला." छबूबाई म्हणाली, "बग गं कौसल्या, बग. ह्येला म्हनत्यात आई."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. पडल्या पडल्या अंगावरनं मोरपीस फिरावं तसं. त्या घरात माझं कुणीतरी चांगलं बोलत होतं, तेही अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. मी तशीच पडून राहिले असते, तर ते खपलं असतं, पुढच्या बारशापर्यंत माझ्याही गोष्टीत भिजवलेले वाफे वाढले असते. मग लक्षात आलं की कौसल्याचा आवाज आला नाही. ती जमिनीकडं बघत असणार. मला तो माझाच चेहरा दिसला, ओट्याच्या कडेवरचा, द्वारकाबाईंची गोष्ट ऐकतानाचा. आता ती पोरगी रोज दळताना माझं नाव घेऊन स्वतःला विचारणार. माझं! जी आत्ता दिवसाढवळ्या दुसऱ्याच्या बाजेवर लोळत पडली होती!

मी उठले. केस सुटलेले, कुंकू फासलेलं, चोळी ओली, बाजेच्या सुंभाचे वळ गालावर. तशीच सायराबानूच्या पुढच्या दारानं आळीत आले. तिघीजणी बघत राहिल्या. छबूबाईनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आत्याबाईंनी डोळ्यांनी मला आत जा म्हणून सांगितलं. संध्याकाळी आडावर हे पोचणार, उद्या बाजारात, परवा मालकांच्या कानावर, आणि मला माहेरी कळसला परत धाडायला वाट काही लांब नाही. आत्याबाईंचं गुपित त्यांचं होतं, त्याला मी हात लावला नाही. माझं तेवढं बोलले. "मळ्यात न्हवते मी, छबूबाई. झोपले हुते. सायराच्या बाजंवर. रामहरीला तिनंच पाजलं, माजं दूद पुरत न्हाय त्याला. लई थकले हुते."

"अगं बया बया बया!" छबूबाईनं तोंडाला पदर लावला. "बागवानाच्या घरचं? आन हे तू तोंड वर करून सांगतीस?" पुढंही ती बरंच बोलत होती, पण माझं लक्ष कौसल्याकडं होतं. तिनं मान वर केली होती. तिचे डोळे मी तोवर नीट बघितलेच नव्हते. खोल गेलेले, भोवती काळं. "अक्का," ती म्हणाली, इतकं हळू की छबूबाई बोलायची थांबली म्हणून ऐकू आलं, "मलाबी लई झोप येती. हुब्या-हुब्या येती. मला वाटायचं, माज्यातच कायतरी खोट हाय."

मग आत्याबाईंनी ओट्यावरचं सूप बाजूला सारलं आणि हातानं जागा झाडली. "हुबी का गं मग? टेक की हितं," त्या कौसल्याला म्हणाल्या. "तुज्यासारकी सातव्या म्हैन्यात असताना मी तर..." आणि थांबल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. छबूबाई सरसावून बसली, गोष्ट येणार म्हणून. आता हिच्या तोंडून कसली थाप निघतेय, म्हणून मीही कान टवकारले.

"मी तर मरनाची थकायची, बाई," त्या म्हणाल्या.